शेवाळाचा सर्व्हे नंबर

अकोल्याच्या जठारपेठेत औषधाच्या दुकानात गेले असता काचेच्या कपाटात स्पिरुलिनाच्या हिरव्यागार गोळ्यांची बाटली मिळते, कृषी सेवा केंद्रात धानासाठी नीलहरित शेवाळाचे खत मागता येते, आणि शोभेचे मासे विकणाऱ्याकडे त्याच हिरव्या भुकटीचे दाणे माशांचे खाद्य म्हणून पुडीत बांधून मिळतात. या तिन्ही ठिकाणी माल एकाच कुळातला असला, तरी गिऱ्हाईक वेगळे, भाव वेगळा आणि मालाचे गुण सांगणाऱ्याची भाषाही वेगळी. अशा जीवासंबंधी एखाद्याने काही नवे शोधून काढले आणि त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळावे म्हणून सरकारदरबारी अर्ज केला, तर तो अर्ज कोणत्या दप्तरात बांधावा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात जीवशास्त्र, कायदा आणि कारभार यांची जी गुंतागुंत झालेली आहे, ती उकलण्याजोगी खासच आहे.

जगातील बहुतेक देशांच्या एकस्व-कार्यालयांत आज आंतरराष्ट्रीय एकस्व वर्गीकरण नावाची एकच पद्धत चालते. तिची पहिली आवृत्ती १९६८ साली अंमलात आली, आणि १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारान्वये तिला आंतरराष्ट्रीय मान्यतेचे अधिष्ठान लाभले. मनुष्याच्या गरजांपासून विद्युतशास्त्रापर्यंत सारी कारागिरी तिने इंग्रजी ए ते एच या आठ अक्षरांखालील आठ विभागांत वाटून दिली असून त्यांची पोटविभागणी सत्तर हजारांहून अधिक घरांपर्यंत पोहोचली आहे. यांतील सी हा विभाग रसायन व धातुविद्येचा. त्यातला बारावा वर्ग जीवरसायन, मद्ये, शिरका, सूक्ष्मजीवशास्त्र अशा मंडळींचा. त्यातला एन हा उपवर्ग सूक्ष्मजीव आणि विकरे यांचा. आणि त्या उपवर्गाच्या पहिल्याच मुख्य गटात सी१२एन १/१२ या क्रमांकाचे जे घर आहे, त्याच्या दारावर पाटी आहे ती एकपेशीय शैवाले व त्यांची संवर्धन माध्यमे यांची. शेजारच्या १/१० मध्ये आदिजीव राहतात, १/१४ मध्ये बुरश्या, १/१६ मध्ये किण्व आणि १/२० मध्ये जीवाणू. १/१२ च्या पोटात १/१३ हे एक उपघर आहे. ज्या शैवालांत परकी जनुके घातली आहेत, ती तेथे जातात. कोणते घर कोणाच्या पोटात हे आकड्यांवरून ठरत नाही, मथळ्यापूर्वी जे बिंदू छापलेले असतात त्यांच्या संख्येवरून ठरते. एक बिंदूचा मथळा थेट मुख्य गटाखाली येतो आणि दोन बिंदूंचा मथळा आपल्या वरच्या एक बिंदूवाल्याच्या आश्रयाला असतो. नवख्याची फसगत बहुधा येथेच होते.

वऱ्हाडातील वाचकास या क्रमांकाचे स्वरूप पटवून देण्यास सर्व्हे नंबराहून जवळचा दाखला नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई पद्धतीने वऱ्हाडची मोजणी झाली आणि प्रत्येक शेताला नंबर मिळाला. त्या नंबरावरून शेत कोठे आहे, त्याच्या उत्तरेस कोण व दक्षिणेस कोण, हे तलाठ्यास घरबसल्या सांगता येते, पण शेत कोणाच्या मालकीचे आणि त्यात कपाशी आहे की ज्वारी, हे समजण्यासाठी सातबाऱ्याचा उतारा पाहावा लागतो. वर्गीकरणाचा क्रमांकही तसाच. तो शोध कोठे सापडेल एवढेच सांगतो. शोध नवा आहे की नाही, त्यावर कोणाचा हक्क चालेल की नाही, याविषयी तो मौन बाळगतो. अर्जदाराची प्रतिष्ठा वाढविण्याचे अथवा घटविण्याचे सामर्थ्य या आकड्यांत नाही. ज्या परीक्षकास पुढे याच विषयावरचा जुना मजकूर हुडकावयाचा आहे, त्याच्या सोयीसाठी ते आहेत, आणि त्या सोयीच्या दृष्टीनेच त्यांची घडण समजून घेतली पाहिजे.

आता पाटीवरील उत्तरार्धाकडे वळू. जीव आणि त्याचे संवर्धन माध्यम, म्हणजे ज्या द्रवात तो वाढवावयाचा तो द्रव, यांना एकाच घरात का ठेवले असावे? झाडाचे वर्गीकरण करताना आपण त्याच्याबरोबर माती ठेवीत नाही, आणि गाईबरोबर कडबाही नाही. परंतु सूक्ष्म शैवालाची गोष्ट निराळी आहे. १८९० साली हॉलंडच्या बायरिंक नामक शास्त्रज्ञाने क्लोरेला हे गोल, हिरवे, डोळ्यांस अदृश्य असे शैवाल इतर जीवांपासून अलग करून शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविले, तेव्हापासून या शास्त्रातील प्रत्येक पाऊल पोषक द्रवाच्या कृतीशी बांधलेले आहे. कोणता क्षार किती, आम्लता किती, नत्र कोणत्या रूपात, लोह कोणत्या आधाराने विरघळलेले, यांत थोडा फरक पडला की हवा असलेला जीव मागे पडतो आणि नको असलेला बोकाळतो. म्हणूनच या क्षेत्रात कृतींना माणसांसारखी नावे आहेत: समुद्री डायाटमांसाठी गिलार्डचे माध्यम, गोड्या पाण्यातील हिरव्या शैवालांसाठी बोल्डचे, आणि स्पिरुलिनासाठी झारुकचे.

झारुकने आपली कृती १९६६ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात मांडली. तिच्या एका लिटर पाण्यात खाण्याचा सोडा १६.८ ग्रॅम, सोडियम नायट्रेट २.५ ग्रॅम, मीठ आणि पोटॅशियम सल्फेट प्रत्येकी १ ग्रॅम, पोटॅशियम फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, आणि कॅल्शियम व लोह यांचे क्षार तर चिमटीतही न मावतील इतके अल्प. यादी पाहून कोणासही वाटेल की हे सारे एका बादलीत ओतून काठीने ढवळले म्हणजे झाले. पण तसे केल्यास कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे सोडा व फॉस्फेट यांच्याशी संगनमत करतात, पाणी दुधाळ होते, पांढरा साका तळाशी बसतो, आणि जीवाला जे मिळावयाचे ते बादलीच्या बुडाशी पडून राहते. म्हणून प्रयोगशाळेत सोडा व फॉस्फेट एका भांड्यात, मॅग्नेशियम व कॅल्शियम दुसऱ्यात, आणि लोह तिसऱ्या भांड्यात इडीटीए नामक धारक द्रव्याच्या संगतीत विरघळवून ठेवतात, आणि मग ठरलेल्या क्रमानेच एकात एक मिसळतात. एखाद्याने हा क्रम बदलून, अथवा महागडे नायट्रेट काढून त्याजागी स्वस्त युरिया बेताबेताने घालून, तितकेच पीक काढून दाखविले, तर त्याचा शोध जीवाचा नसून द्रवाचा असतो. तरीही त्याचे घर १/१२ हेच. परीक्षकाला जुना दाखला शोधावयाचा असता जीव एका दप्तरात व द्रव दुसऱ्यात असे झाले असते, तर त्याला प्रत्येक वेळी दोन्ही धुंडाळावी लागली असती. एका पाटीवर दोघांची नावे लिहिणाऱ्यांनी शास्त्राचा स्वभाव अचूक ओळखला होता, असेच म्हणावे लागेल.

या द्रवाची निसर्गाने स्वतः मांडलेली आवृत्ती पाहावयाची तर दूर मेक्सिकोला जाण्याची गरज नाही. ती आपल्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर म्हणजे अशनीच्या आघाताने बसाल्टी खडकात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली, परंतु महसूल खात्याने ती त्याच्याही कितीतरी आधी घेतलेली होती: अकबराच्या कारकीर्दीतील ऐन-इ-अकबरीत येथील डोंगरात साबण आणि काच करण्याचे साहित्य मिळते आणि त्यापासून सरकारास उत्पन्न होते, अशी नोंद आहे. सरोवराच्या काठी जमणारे क्षार लोक गोळा करीत, त्यांची प्रतवारी करीत, आणि डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे देऊन विकीत. हे क्षार मुख्यतः सोड्याच्याच जातीचे. पाण्याची अल्कता इतकी तीव्र की सामू दहाच्या आसपास जातो. मासा तेथे तग धरीत नाही, पण ज्याला सोडा मानवतो असे नीलहरित शेवाळ मात्र एवढे माजते की पाण्याला वर्षातील बराच काळ हिरवा रंग चढतो. या शेवाळात स्पिरुलिनाचा वाटा मोठा आहे. झारुकने काचेच्या चंबूत जे साधले त्याचा मूळ मसुदा अशाच सोडायुक्त सरोवरांनी लिहून ठेवलेला होता. आफ्रिकेतील चाडच्या आसपासचे लोक तेथील डबक्यांवरचा हिरवा थर कापडाने गाळून, वाळूवर वाळवून त्याच्या वड्या खातात. मेक्सिकोतील टेस्कोको सरोवराकाठी स्पॅनिश लोक आले तेव्हा तेथल्या बाजारातही अशा वड्या विकल्या जात असत. स्पिरुलिना कापडात अडकते, कारण तिच्या पेशी एकीस एक जोडून मळसूत्रासारखी पीळदार दोरी झालेली असते. क्लोरेलाची सुटी पेशी काही सहस्रांश मिलिमीटरची असल्याने कापडातून निसटून जाते आणि तिच्यासाठी अपकेंद्री यंत्रच लागते. गरीब देशांतील प्रसाराच्या दृष्टीने हा भेद मोठा निर्णायक ठरला. मद्रासेस सी. व्ही. शेषाद्री यांच्या संस्थेने खेड्यातील स्त्रियांना घराजवळच्या टाक्यांत स्पिरुलिना पिकवावयास शिकविले, ते केवळ या कापडाच्या बळावर.

येथेच आपल्या पाटीला पहिला तडा जातो. पेशींची दोरी झालेली असेल तर ती एकपेशीय कशी? आणि अधिक चिकाटीने पाहिले तर ती शैवाल तरी कोठे आहे? नीलहरित शैवालांच्या पेशीत केंद्रक नसते. त्यांची घडण जीवाणूंची आहे, आणि जीवशास्त्रज्ञ आज त्यांना जीवाणूंतच गणतात. म्हणजे ज्या जीवांच्या नावाने एकपेशीय शैवालांच्या घरात अर्जांची गर्दी होते त्यांपैकी एक मातब्बर जीव एकपेशीयही नाही आणि शैवालही नाही. यावर वर्गीकरणाने काय उपाय केला? कोठे केला, कोठे केला नाही. औषधी सिद्धतांच्या ए६१के या उपवर्गात ३५/७४८ हे एक घर जीवाणूंच्या मथळ्याखाली काढलेले असून त्याच्या मथळ्यात नीलहरित शैवाले आणि उदाहरणादाखल स्पिरुलिना यांचे नावच छापलेले आहे, तर खरीखुरी शैवाले तेथून दूर, वनौषधींच्या गटात ए६१के ३६/०२ येथे बसविली आहेत. पण संवर्धनाच्या बाबतीत स्पिरुलिनाचे दस्तऐवज १/१२ मध्येही आढळतात आणि जीवाणूंच्या १/२० मध्येही. ज्याला पूर्वीचा मजकूर धुंडाळावयाचा आहे त्याने दोन्ही दारे ठोठावली पाहिजेत. याला कोणी गोंधळ म्हणेल. प्रस्तुत लेखकास तो क्षम्य वाटतो. वर्गीकरण बदलावयाचे म्हणजे जुने हजारो दस्तऐवज फेरफार करून नव्या घरी न्यावयाचे, आणि शास्त्राचे मत पालटले की दर खेपेस असा स्थलांतराचा हुकूम काढणे कोणत्याही कार्यालयास परवडणारे नाही.

जीवाची ओळख रंगावरून करण्याची आपली खोड किती धोक्याची, याचा अनुभव लोणारने २०२० च्या जून महिन्यात सर्वांना दिला. पाणी अकस्मात गुलाबी झाले. बघ्यांची आणि तर्कांची रीघ लागली. मिठागरांत तांबूस-नारिंगी रंग आणणाऱ्या ड्युनालिएला या शैवालावर पहिला संशय गेला, आणि तो अगदीच निराधार होता असे नाही, कारण ते शैवाल बीटा-कॅरोटीनचा साठा करते आणि खाऱ्या पाण्यातच नांदते. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा मीठप्रिय आर्किया नामक, शैवालही नव्हे आणि रूढार्थाने जीवाणूही नव्हे अशा, जीवांचा तो प्रताप असल्याचे निष्पन्न झाले. 

वर्गीकरणातील शेवाळाच्या इतर घरांची ओळख मात्र झटपट उरकता येईल. शेवाळाची मोठ्या प्रमाणावरील लागवड, मग ते सागरी असो वा अन्य, ए०१जी ३३/०० मध्ये जाते. शेवाळ वाढविण्याची उपकरणे, काचनळ्यांच्या प्रकाशयुक्त टाक्या वगैरे, सी१२एम या उपवर्गात. शेवाळाकडून तेल करवून घेण्याची रीत सी१२पी ७/६४ मध्ये, आणि खाण्याच्या समुद्री शेवाळाचे पदार्थ ए२३एल १७/६० मध्ये. शेवाळाच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याची रीत सी०२एफ ३/३२ मध्ये ठेवतात. ही विद्या तर विदर्भाच्या परिचयाची आहे, कारण नागपुरास १९५८ साली स्थापन झालेल्या व पुढे नीरी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने उथळ तळ्यांत सांडपाणी साठवून सूर्यप्रकाश, शेवाळ व जीवाणू यांच्या त्रयीकडून ते निवळून घेण्याच्या पद्धतीचा आपल्या हवामानाच्या दृष्टीने दीर्घकाळ अभ्यास केला. आणखी एक घर मात्र मोठे मासलेवाईक आहे: शैवाल हे नवी वनस्पती म्हणून पुढे आणले, तर त्याचा मुक्काम ए०१एच १३/०० येथे. जीव तोच, मागणीची मांडणी निराळी, म्हणून घर निराळे.

या शेवटच्या घरावरून आपण नकळत कायद्याच्या हद्दीत शिरतो. भारताच्या १९७० च्या एकस्व अधिनियमात २००२ साली दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून कलम ३ च्या जे या खंडाने वनस्पती व प्राणी यांवर एकस्व देण्यास मनाई केली. मात्र सूक्ष्मजीव त्या मनाईतून वगळले. त्याच कलमाच्या सी या खंडाने निसर्गात आढळणारा कोणताही सजीव शोधून काढणे म्हणजे आविष्कार नव्हे, असेही ठरविले. दोन्ही खंड एकत्र वाचले असता निष्पन्न असे होते की सूक्ष्म शैवालास वनस्पती म्हणून मागितले तर दार बंद, सूक्ष्मजीव म्हणून मागितले तर दार उघडे, परंतु ते लोणारच्या पाण्यात जसे सापडले तसेच मागितले तर उघडे दारही निरुपयोगी. सजीवावर एकस्व मिळू शकते काय, या प्रश्नाची मूळ तड अमेरिकेत लागली. आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने खनिज तेल पचविणारा जीवाणू घडविला, तो सजीव आहे एवढ्याच कारणाने त्यावर एकस्व नाकारता येत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्याच वर्षी वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती अंमलात आली आणि त्याच वर्षी नागपुरास देशोदेशींच्या एकस्वपत्रांचा संग्रह करणारी पेटंट माहिती प्रणाली ही सरकारी संस्था स्थापन झाली.

कायदा आणि वर्गीकरण यांचे नाते प्रत्यक्षात कसे उतरते, हे एका काल्पनिक अर्जदाराच्या पाठोपाठ जाऊन पाहू. समजा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या एखाद्या तरुणाने पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात शेवाळ वाढविण्याचा घाट घातला. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा. तेथील विहिरींचे पाणी पिण्यास नकोसे आणि ओलितास त्याहून नकोसे, कारण ते दिले की काळी जमीन चिकट होऊन तिचा निचरा थांबतो. त्या पाण्यात काय कमी आहे व काय जास्त आहे याचे पृथक्करण करून, त्यात सोडा व पोषक क्षार मोजून घालून, झारुकच्या कृतीच्या निम्म्या खर्चात स्पिरुलिना पिकविण्याचा द्रव त्याने सिद्ध केला. त्याच्या अर्जात पहिली मागणी असेल द्रवाची. ती सरळ १/१२ मध्ये जाईल, आणि सावध परीक्षक तिच्याजवळ १/२० चाही क्रमांक टाकून ठेवील. टाकीतील पाणी हलविण्याच्या पंख्यात काही नवे असेल तर सी१२एम हा उपवर्ग जोडला जाईल. गोळ्यांचा औषध म्हणून काही सिद्ध उपयोग मागितला तर ए६१के ३५/७४८. एका अर्जाला असे अनेक क्रमांक लागणे हा अपवाद नसून रिवाज आहे. शिवाय कोणता सूक्ष्मजीव वापरला याची खूण म्हणून सी१२आर नावाची एक पुरवणी-यादी आहे. तिच्यातील १/८९ हा अंक शैवालांचा, आणि तो मुख्य क्रमांकाच्या शेजारी लिहिण्याची जुनी वहिवाट आहे.

परंतु या तरुणाने पाण्याऐवजी जीवावर भर दिला, म्हणजे लोणारहून आणलेल्या वाणावरच हक्क मागितला, तर त्याच्या वाट्याला दाखल्यांचा बराच मोठा प्रवास येतो. सरोवराचा परिसर अभयारण्य असल्याने नमुना घेण्यासच वन विभागाची परवानगी लागेल. भारतीय जैविक संपत्तीवर आधारलेल्या एकस्वासाठी जैवविविधता अधिनियमान्वये राष्ट्रीय प्राधिकरणाकडे रीतसर जावे लागेल. वाण कोठून आणला हे विवरणपत्रात नमूद करावे लागेल, आणि शब्दांनी त्याचे पुरेसे वर्णन होत नसल्यास व तो लोकांस अन्यत्र मिळण्याजोगा नसल्यास, अर्जाच्या तारखेपर्यंत तो मान्यताप्राप्त भांडारात ठेव म्हणून जमा करावा लागेल. अशा ठेवींस देशोदेशी मान्यता देणारा बुडापेस्टचा करार १९७७ चा. भारत त्यात २००१ च्या डिसेंबरात सामील झाला, आणि २०११ पासून पुण्यातील सूक्ष्मजीव संग्रहास, जो आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखला जातो, असे भांडार म्हणून दर्जा आहे. एवढे सारे करूनही वाण निसर्गात होता तसाच असेल, तर सी खंड आडवा येणारच. वर्गीकरणात जे दोघे एका पाटीखाली सुखाने नांदतात, त्यांची कायद्याने अशी ताटातूट केली आहे: द्रव माणसाने घडविलेला असल्याने त्याच्यावर मालकी चालते, जीव मात्र आपल्या पाण्याचाच राहतो.

अकोल्याचा अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातो, कारण महाराष्ट्र त्या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. अर्जदाराला स्वतः क्रमांक ठरवावा लागत नाही. ते काम कार्यालयाचे. सर्वसाधारणपणे अठरा महिन्यांनी, दर शुक्रवारी निघणाऱ्या एकस्व-पत्रिकेच्या एखाद्या अंकात त्याचा सारांश छापला जातो, वर शोधाचे नाव, शेजारी वर्गीकरणाचे आकडे. आणि त्या दिवसापासून कोणत्याही देशातील परीक्षक जेव्हा सी१२एन १/१२ चे दप्तर उघडील, तेव्हा खारपाणाच्या विहिरीचे पृथक्करणही त्याच्या नजरेखालून जाईल.